तांबटाचा अंगठा

भिंगारच्या बाजारातला तो तांबट झिजलेलं नाणं डोळे मिटून तपासायचा. त्यावर नुसता अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "कायबी न्हाई मास्तर, मोडीतलं हाय. ऱ्हाऊ द्या हितंच." दुष्काळी कामाच्या खोदाईत निघालेली, मी हौसेनं मिळवलेली तीन नाणी अशीच त्याच्या गादीखालच्या डबीत गेली.

मला संशय आला. घरातला एक तांब्याचा पैसा कानशीनं घासून मी गुळगुळीत केला आणि सातवाहनांचा आहे का, म्हणून त्याच्यापुढं ठेवला.

अंगठा फिरला. डोळे उघडले.

"मास्तर, हे हातोहात फिरून झिजलेलं न्हाई. कानस मारलीय, काल-परवाच."

मी शरमेनं मान खाली घातली. त्यानं तो पैसा कोपऱ्यातल्या मोडीच्या ढिगावर भिरकावला.

मोडीतलं नाणं तो कुठं टाकतो, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.