प्रभुलिंगची जीभ आणि निंगप्पाचा स्टिरिओ

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या प्रभुलिंगच्या दुकानात जुना स्टिरिओ दुरुस्तीला न्यायचा म्हणजे आधी बोलणी खायची तयारी ठेवायची. गिऱ्हाइकानं डबा टेबलावर ठेवायचा अवकाश, स्क्रूला हात लावायच्या आधीच हा माणूस सुरू व्हायचा. "यावर काय ठेवत हुता? फुलदाणी? का मंडळींनी विणलेला रुमाल? आवो, वर या भेगा कशाला दिल्यात? गरम हवा भायेर जायला! तुमच्या तोंडावर रुमाल टाकून झोपवू का तुमाला?" समोरचा माणूस कोर्टातला वकील असो की साखर कारखान्याचा डायरेक्टर, प्रभुलिंगला सगळे सारखेच. मशीनचे हाल करणारे ते सगळे नालायक, असं त्याचं साधं सरळ मत होतं.

तरी लोक येत. टेंभुर्णीहून येत, पार उमरग्याहून येत. कारण दुसरीकडे जायला जागाच कुठं होती? मोठ्या रस्त्यावरचे दुकानदार म्हणत, टाकून द्या, नवीन घ्या. नाहीतर आतलं सगळं उपसून काढत आणि त्या रिकाम्या खोक्यात ब्लूटूथचं टीचभर कार्ड बसवून देत. असं पोट फाडलेलं एखादं खोकं प्रभुलिंगपुढं आलं, की तो ते रस्त्यावर नेऊन ठेवायचा आणि म्हणायचा, "मयताचं काम मी करत न्हाय. उचला." पण खरं मशीन असलं, की हात लोण्यासारखे चालत. खरखरणारा व्हॉल्यूम कंट्रोल सुटा करून धुवायचा, फुगलेले कंडेन्सर बदलायचे, सोल्डरचे सुटलेले डाग पुन्हा भरायचे, आणि मग शंभर वॅटचा बल्ब मध्ये जोडून अगदी हळू करंट सोडायचा. बल्ब भक्क पेटला तर आत अजून शॉर्ट आहे. मंद होऊन विझत आला तर मशीन वाचलं. तेवढा वेळ प्रभुलिंग कुणाशी बोलायचा नाही. मशीन वाचलं की पुन्हा बोलणी चालू.

"आठवड्यातनं एकदा तरी लावा. तसंच ठेवलं तर मरतंय. आणि ओलं फडकं लावलंत तर परत हितं येऊ नका."

सकाळच्या चहाला दोघं जण ठरलेले. एक जोतिराम, मिल बंद पडल्यापासून घरी बसलेला. दुसरा राजशेखर, त्याचं शेजारीच विभूती-रुद्राक्षाचं दुकान. त्या दोघांना प्रभुलिंगच्या तोंडाची इतकी सवय झाली होती की पंख्याच्या आवाजाकडे जेवढं लक्ष द्यावं, तेवढंच ते त्याच्याकडे देत.

आता या प्रभुलिंगच्या काळजात एक जुना काटा होता, आणि तो होता त्याच्या सख्ख्या बहिणीच्या घरी. त्याचा बाप निंगप्पा चादरींच्या पेढीवर दिवाणजी. उभ्या आयुष्यात माणसानं एकच चैन केली. मस्कतहून परत आलेल्या एकाकडून हा जपानी स्टिरिओ रिसीव्हर घेतला. लाकडी बाजू, पुढं हिरव्या उजेडाची काच, आणि एवढा जड की दोघांनी उचलावा. प्रभुलिंग या धंद्यात पडला तोच मुळी त्या काचेतला उजेड बघून. बाप गेला तेव्हा घर आणि दुकान प्रभुलिंगकडे आलं. धाकटी बहीण शिवलीला मैंदर्गीला दिलेली. लग्नाला पुरती पाच वर्षंही झाली नव्हती तेव्हा तिचा नवरा गेला. ती ब्लाउज शिवून आपलं पोट भरत होती. ती म्हणाली, "अण्णा, मला घरातलं काय नको. अप्पांचा स्टिरिओ तेवढा दे."

द्यावा लागला. लोकांदेखत मागितला होता. पण गाडीत चढवताना प्रभुलिंगला असं वाटलं की आपला एक हातच कुणीतरी तोडून नेतंय, आणि तो राग काही केल्या गेला नाही. तिनं घर मागितलं असतं तर भांडता तरी आलं असतं! तिकडं शिवलीला रोज संध्याकाळी शिलाई मशीनवर बसली की रेडिओ लावायची. माहेरचं म्हणून तिच्या घरात तेवढंच होतं. दोन-तीन वर्षांनी एकदा ती स्टिरिओ तपासायला सोलापूरला आणायची, त्या निमित्तानं चार दिवस भावाकडं राहायची. तेवढंच तिचं माहेरपण.

तर यंदा संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली, आणि एका सकाळी शिवलीला रिक्षातनं उतरली. रिक्षावाल्यानं आणि तिनं मिळून स्टिरिओ आत आणला. "डावा स्पीकर बंद पडलाय अण्णा. नुस्ता घुं घुं करतोय. आन जळल्यागत वास बी येतोय."

"आत्ता दसऱ्याला तर नीट करून नेलास की!" प्रभुलिंगनं वरचं झाकण काढलं. आत बघितलं आणि त्याचं डोकंच फिरलं. डाव्या बाजूच्या बोर्डावर चिकट, पिवळट थर वाळून बसला होता. तांब्याच्या रेषांना हिरवा गंज चढला होता, एक रेष तर गंजानं पार खाऊन टाकली होती. बापाचा स्टिरिओ! इतकी वर्षं जपलेला, आणि आत असली घाण?

"काय ओतलंस यात? सरबत? चहा?"

"मी कशाला ओतू? वर काय सुदिक ठेवत न्हाय मी."

"मग हे आकाशातनं पडलं व्हय? कुणाच्या तरी पोराला खेळायला दिला असशील!"

"अण्णा, शपत घेऊन सांगते..."

"गप बस! तुज्या हातात दिलेलं काय टिकलंय आजवर? नवरा टिकला न्हाय, हा तर डबा हाय!"

शिवलीला खुर्चीवर बसायच्या बेतात होती, ती बसलीच नाही. पदर खांद्यावर ओढून घेतला, पिशवी उचलली आणि निघाली. वरून सुंदरम्मा, प्रभुलिंगची बायको, "वन्सं, आल्या आल्या कुटं निघाला?" म्हणत जिना उतरेपर्यंत ती बाळीवेशीच्या बाहेर पडली होती. जोतिराम पेपर वाचत होता, राजशेखरकडे गिऱ्हाईक आलं म्हणून तो उठला होता. 

प्रभुलिंगला तेव्हा तरी वाईट वाटावं की नाही? छे! हा पठ्ठ्या उलट इरेला पेटला. आत काय ओतलंय ते शोधून काढायचं, आणि फोन करून तिच्या तोंडावर फेकायचं. बाकी सगळी कामं बाजूला सारून तो त्या रिसीव्हरच्या मागं लागला. ब्रश आणि स्पिरिट घेऊन एक एक कोपरा साफ करत गेला. ट्रान्सफॉर्मरच्या खाली चिमटा घातला तर तांदळाचे दाणे निघाले. चांगले हळदीत भिजवलेले, कुंकवाचा लाल डाग पडलेले. अक्षता!

"सुंदरम्मा! ये हिकडं! बघ, बघ तुज्या नणंदेचे धंदे! पूजा केली बाईनं आन वर नारळाचं पाणी सांडलं. मशीन हाय का पिंड हाय ही?"

सुंदरम्मा कणकेच्या हातानं खाली आली. त्या दाण्यांकडं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं.

"खंडेनवमीला हा डबा कुटं हुता?"

प्रभुलिंगनं चिमटा खाली ठेवला.

नवरात्रात तो डबा त्याच्याच दुकानात होता. व्हॉल्यूम खरखरतो म्हणून शिवलीलानं आणून टाकलेला. आणि खंडेनवमीला प्रभुलिंगनं नेहमीसारखी हत्यारांची पूजा मांडली होती. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मीटर, सगळं धुऊन पुसून पाटावर. पण या खेपेला बापाचा स्टिरिओ घरात, मग त्याला सोडून इतरांना मान कसा द्यायचा? त्यानं तो मधोमध ठेवला, काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली, झेंडूचा हार घातला, अक्षता वाहिल्या. आणि नारळ फोडून पाण्यानं भरलेली अर्धी वाटी कुठं ठेवली? वर. त्या भेगांवर. जगाला रुमाल ठेवू न देणाऱ्या या शहाण्यानं! ती वाटी आरतीच्या वेळी कलंडली होती, आणि सुंदरम्मा फडकं आणायला धावली तेव्हा हाच म्हणाला होता, "ऱ्हाऊ दे, अप्पांना पोचलं." त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही, म्हणून झाकण काढलं नाही. दसऱ्याला सोन्याची पानं वाटण्यात ते विसरून गेलं. वरून पुसून शिवलीलाला देऊन टाकला.

"तुमीच केलंत," सुंदरम्मा म्हणाली. "आन तिला काय काय बोललात ते वरपर्यंत ऐकू आलं मला. नणंद म्हणून सांगत न्हाय. माज्या वैरिणीला बी असं कुणी बोलू नये."

त्या दिवशी सुंदरम्मानं ताट वाढलं आणि त्याच्यासमोर बसली नाही, आत निघून गेली.

प्रभुलिंगनं स्टिरिओ दुरुस्त केला. गंजलेल्या रेषेच्या जागी तार टाकली, जळलेली ट्रान्झिस्टरची जोडी बदलली, सगळा बोर्ड पुन्हा पुन्हा धुतला. बल्ब लावून करंट सोडला. बल्ब मंद झाला, काच हिरवी झाली. एरवी या क्षणाला त्याला जग जिंकल्यासारखं वाटायचं. या वेळी नुसती लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा रागच आला. शिवलीलावरच आला! हिनं नीट ठासून सांगायचं नाही का, तुज्याकडंच हुता म्हणून? पळून काय जायचं?

स्टिरिओ गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन तो एसटीनं अक्कलकोटवरून मैंदर्गीला गेला. पाय बधिर झाले. शिवलीला दारातच शिलाई मशीनवर बसली होती. तिनं पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. त्यानं मुकाट्यानं तारा जोडल्या, रेडिओ लावला. दोन्ही स्पीकर स्वच्छ वाजले.

"काय झालं हुतं?" तिनं विचारलं.

"कंडेन्सर गेला हुता."

"आन ते हिरवं?"

प्रभुलिंगनं एक तार उगीच काढून पुन्हा खोचली. मग म्हणाला, "नारळाचं पाणी. खंडेनवमीला मीच ठेवला हुता वर. माजीच चूक हाय. झालं?"

"नारळाचं ऱ्हाऊ दे. ते तू धुतलास. माज्या नवऱ्याचं काय बोललास ते सांग."

"रागात गेलं गं तोंडातनं."

"तुज्या तोंडातनं कायबी जातंय, आन सगळी म्हणतात त्याचा सभावच तसा हाय. मला त्यो सभाव नको आता." तिचा आवाज चढला नव्हता. "हितं कबूल करून काय उपेग? हितं मी एकटीच हाय. चार माणसांत बोललास, तितंच मागं घे. तवर तुज्या उंबऱ्याला मी पाय लावणार न्हाय. आन हा स्टिरिओ बिघडला तर बिघडू दे, तुज्याकडं आणणार न्हाय."

"म्हंजे त्या जोतिरामपुढं नाक घासू?"

"बोलताना जोतिराम दिसला न्हवता व्हय?"

तो तणतणत बाहेर पडला. बसमध्ये सगळी वाट स्वतःशीच भांडला. एवढं काय आभाळ कोसळलं? बाप मारायचा, तरी आपण कधी असं धरून बसलो नाही! पण सोलापूर जवळ यायला लागलं तसं त्याला कळून चुकलं, की आता ती खरंच येणार नाही. पंचमीला नाही, दिवाळीला नाही. बापाच्या घरातलं उरलेलं एकच माणूस, आणि ते आपण आपल्या जिभेनं घालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतिराम आणि राजशेखर चहाला आले. प्रभुलिंगनं हातातलं काम खाली ठेवलं.

"ऐका रे. त्या दिवशी शिवलीलाला जे बोललो ते चुकलं माजं. मागं घेतो. तिची काय चूक नव्हती."

जोतिरामनं पेपर खाली केला. "कुठल्या दिवशी?"

"स्टिरिओ घेऊन आली हुती तवा."

"आली हुती व्हय? व्हय व्हय, आली हुती." तो राजशेखरकडं वळला. "काय बोलला रे हा?"

"मी दुकानात हुतो," राजशेखर म्हणाला. "काय बोललास?"

प्रभुलिंगला वाटलं हे चेष्टा करताहेत. पण दोघांची तोंडं खरोखर कोरी होती. त्यांनी ऐकलंच नव्हतं. आता मागं काय घ्यायचं हे आधी सांगायला नको का? मग त्यानं ते वाक्य, नवऱ्यासकट, डब्यासकट, आपल्याच तोंडानं पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवलं. रागात म्हणताना ते गोळीसारखं सुटलं होतं. आता एक एक शब्द अडकत होता.

जोतिरामनं कप खाली ठेवला.

"असं म्हणलास? सख्ख्या भैनीला?"

राजशेखर उठला. "चा नको मला आज," म्हणाला आणि आपल्या दुकानात निघून गेला. थोड्या वेळानं जोतिरामही पेपर घडी करून उठला.

प्रभुलिंगनं मैंदर्गीला फोन लावला. तिकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

"बोललो," तो म्हणाला. "दोघांपुढं. पण शिवली, त्यांनी कुणी ऐकलंच नव्हतं गं त्या दिवशी. दुकानात एकट्या तुलाच ऐकू गेलं हुतं."

"मला ऐकू जावं म्हणूनच बोलला हुतास की," शिवलीला म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.