माझ्या माहेरच्या म्हशीचं दूध

लग्नात वडिलांनी मला म्हैस दिली. आम्ही जयसिंगपूरची माणसं. दागिने बेताचे, पण म्हैस अस्सल पंढरपुरी: शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली, दूध थोडं पण दाट. सासर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. संस्थान विलीन झालं त्या सुमाराची ही गोष्ट. सासऱ्यांचा दुधाचा धंदा. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ पेला तिथंच हातात द्यायचा. पाणी घालायला वावच नाही, त्यामुळं गवळ्याची सगळी अब्रू म्हशीवर.

मामंजींची लाडकी होती ती दिल्लीची म्हैस. आखूड, वळलेल्या शिंगांची, बादली भरून दूध देणारी. दोघींच्या पुढ्यात सकाळ-संध्याकाळ उसाचं वाढं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे. "गोड खाल्लं की दूध बी गोड," असं मामंजी म्हणायचे आणि अख्खी पेठ मान डोलवायची. उसाच्या मुलखात दुसरं काय होणार म्हणा!

बघता बघता माझ्या म्हशीचं दूध पातळ झालं. एका संध्याकाळी शेजारच्या तालमीचे वस्ताद कट्ट्यावर आले. त्यांची रीत अशी, की दुधाचा थेंब आधी अंगठ्याच्या नखावर घ्यायचा. तो टिकला तरच पेला तोंडाला. माझ्या म्हशीचा थेंब सरळ खाली पळाला. "ह्या म्हशीतनंच पाणी येतंय की हो!" वस्ताद म्हणाले आणि सगळा कट्टा हसला. मामंजी घरी येऊन एवढंच बोलले, "जातच हलकी. रविवारी बाजारात न्हेतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जात न्हाय हलकी, मामंजी. चारा हलका हाय."

सासूबाईंची थापती भाकरी हातातच राहिली. नव्या सुनेनं असं बोलायची पद्धत नव्हती. पण म्हैस विकली जाणार म्हणजे माझं माहेरच बाजारात उभं राहणार. गप्प कशी बसू? म्हटलं, "अमावास्येपर्यंत थांबा. मग खुशाल इका."

मामंजी थांबले, हे त्यांचं मोठेपण.

दुसऱ्या दिवसापासून मी म्हैस गावाबाहेर कळंब्याच्या तलावाकडं चारायला नेऊ लागले. तलावाच्या वरच्या अंगाला माळावर तऱ्हेतऱ्हेचं गवत. माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, ती सांगायची, म्हशीला चावायला लावावं, नुसतं गिळायला नाही. घरी आल्यावर कडबा आणि भिजवलेली सरकी. वाढं बंद. पेठेतल्या बायका हसायच्या, "सून म्हशीला फिरवती का म्हैस सुनंला?" मी म्हणायची, "दोघी बी फिरतोय. तुमी बी या की!"

दूध वाढलं नाही, खोटं कशाला सांगू? दिल्लीवालीच्या निम्मंसुद्धा नव्हतं. पण सकाळी पातेल्यावर साय अशी धरायची, की काढताना अख्खी भाकरी उचलल्यासारखी यायची.

अमावास्येला मी स्वतः कट्ट्यावर गेले. वस्तादांनी थेंब घेतला, अंगठा तिरका केला. थेंब हलेना. त्यांनी अंगठा आणखी तिरका केला. हलेना! मग एका दमात पेला रिकामा करून मिशा पुसत विचारलं, "ही कुठली म्हैस?"

"आमच्या घरची," मामंजी छाती काढून म्हणाले.

"माहेरची हाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "पंढरपुरी."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. ते उठले, दिल्लीवालीचं दावं सोडलं आणि माझ्या हातात दिलं.

"उद्यापासनं हिलाबी कळंब्याला न्हे, पोरी."