साहेबाच्या शेकोटीतले देव

भुसावळला परवा आमचे जुने रेल्वे क्वार्टर पाडताना पाहिले. भिंती गेल्या होत्या. इंग्रजांच्या काळातल्या शेकोटीचे धुराडे तेवढे उभे होते.

भुसावळच्या उन्हात शेकोटी! साहेबाने विलायतेतला नकाशा इथल्या उन्हाची चौकशी न करताच उतरवला असावा. वडिलांना क्वार्टर मिळाले तेव्हा आईने त्या काळ्या कोनाड्यात आमचे सगळे देव मांडले. वडील म्हणाले, "अगं, इथे साहेब पाय शेकायचा."

"शेकू दे. आता आला तर हात जोडेल."

उदबत्तीचा धूर सरळ वर जायचा आणि आईचा चेहरा असा खुलायचा, जणू साहेबाने ती सोय खास तिच्यासाठीच केली होती.

कोनाड्यात अजून कुंकवाची बोटे दिसत होती. पाडकामाचा मुकादम म्हणाला, "काका, हे शेवटी पाडू. माणसं हात लावेनात."

मी आईला फोन केला. तिने एवढेच विचारले, "देवांची जागा आहे ना रे?"

"आज आहे."

"मग उदबत्ती लावून ये."

मुकादमाने टपरीवरून उदबत्ती आणवली. घर उरले नव्हते, तरी धूर आपली जुनी वाट धरून धुराड्यातूनच वर गेला.