ओल्या फळ्यांची रॅक

मी जन्माची भित्री. पालीलाही वाट करून देते. पण त्या दुपारी मनात जी भीती बसली ती वेगळी होती, कारण ती माझ्या स्वतःसाठी नव्हती.

आमच्या घराला लागून पत्र्याची शेड आहे. तिच्यात मोटारसायकल, फवारणीचा पंप आणि भिंतीशी, खाली मातीवर, झाकणाचे आठ मोठे प्लास्टिकचे डबे. कशात धानाचं बियाणं, कशात लाखोळीची डाळ, वड्या, थंडीच्या गोधड्या. एका दुपारी मी बियाण्याचा डबा सरकवला आणि मागे मण्यार दिसली. काळी, पांढऱ्या आडव्या रेघांची, गारव्याला वेटोळं घालून पडलेली. मी डबा सोडून बाहेर पळाले. शेजारचे लोक काठ्या घेऊन आले, एकेक डबा हलवून पाहिला, पण ती कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही.

मी एकटी असते तर पुन्हा शेडमध्ये पाऊल टाकलं नसतं. पण माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, दिवसातून चारदा तिथे जातात. त्यांच्या डोळ्यांना आता नुसता उजेड आणि अंधार कळतो. डाळ, वड्या, सगळं त्या हाताने चाचपून काढतात. जिथे मण्यार पडली होती तिथेच त्यांचा हात जातो. मी म्हटलं, मला सांगत जा, मी काढून देईन.

"काहून? माह्या घरात मी दुसऱ्याले मांगू?" म्हणाल्या, आणि विषय संपला.

नवरा नोकरीसाठी बाहेरगावी असतो, पंधरा दिवसांनी एकदा येतो. त्याने फोनवर सांगितलं, घाबरू नकोस. एवढं सांगून भीती जात असती तर काय हवं होतं. मी माझ्या परीने दोन गोष्टी ठरवल्या. पहिली म्हणजे आत्याबाईंना पढवायचं. मी ओरडले की जागच्या जागी थांबायचं, पाय उचलायचा नाही, हात हलवायचा नाही. रोज तालीम घ्यायची. मी अंगणातून ओरडायची, त्या थांबायच्या आणि मग हसायच्या. "म्हातारपणी शाळेत घातलं व तू मले."

दुसरी गोष्ट, डबे जमिनीवरून उचलायचे. लोखंडी रॅक परवडणारी नव्हती. भंगारवाल्याकडे मोठ्या लाकडी खोक्यांच्या फळ्या स्वस्तात मिळाल्या, हलक्या, पिवळट, कोरड्या. करवत आणि हातोडा घरात होताच. मी त्याच दिवशी कामाला लागणार होते, पण आत्याबाईंनी फळ्यांवरून हात फिरवला.

"बोडीत मुरल्याशिवाय लाकूड वापरत नाई. घुण लागते."

आमच्याकडे बांबू असो की नुकतंच तोडलेलं लाकूड, ते आधी शेतातल्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाण्यात बुडवून ठेवतात, मग वाळवतात आणि मगच घराला लावतात. माहेरीही मी तेच पाहिलेलं. हे लाकूड कधीचंच वाळून, कापून, कुठून कुठून फिरून आलंय, हा विचार दोघींच्याही डोक्यात आला नाही. फळ्या पंधरा दिवस बोडीत दगडाखाली राहिल्या. ते पंधरा दिवस आत्याबाई शेडमध्ये गेल्या की मी दारात श्वास धरून उभी. त्यामुळे फळ्या काढल्यावर त्या पुरत्या वाळेपर्यंत मला धीर धरवला नाही. दोन दिवस उन्हात टाकल्या आणि ओल्याच ठोकल्या. ओल्या फळीत खिळा सहज जातो. मला वाटलं, हात बसला आपला.

चार उभे पाय, तीन कप्पे. रोज लागणारे हलके डबे मध्ये, आत्याबाईंच्या छातीच्या उंचीवर. बियाण्याचे जड डबे सगळ्यात वर, म्हणजे त्यांना तिकडे हात घालायचं कामच नाही. खालचा कप्पा मोकळा, जमीन दिसावी म्हणून. रॅक डोलू नये म्हणून मागून तिरपी पट्टी ठोकायची असते हे मला माहीतच नव्हतं.

आठवडाभर मी निवांत झोपले. मग फळ्या वाळून आक्रसल्या आणि रॅक करकरायला लागली. खिळ्यांची डोकी वर यायची, मी पुन्हा ठोकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. काहीतरी चुकलंय हे कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. रविवारी नवरा आला की बघू, असं म्हणत राहिले.

शनिवारी दुपारी आत्याबाई डाळ काढायला गेल्या. मी दारात होते. त्यांनी डबा ओढला आणि अख्खी रॅक हळूच त्यांच्याकडे झुकली. वरचे बियाण्याचे डबे पुढे सरकले.

मी ओरडले, "आत्याबाई."

आणि त्या थांबल्या. पाय उचलला नाही, हात हलवला नाही. मी शिकवलं होतं अगदी तसं, त्या कलत्या रॅकच्या खाली.

मी धावत जाऊन रॅकला खांदा लावला. "निघा, बाहेर निघा."

"कुठं हाये जनावर?" त्या कुजबुजल्या. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत.

"जनावर नाई. रॅक पडून राहिली. चला."

"तूच तं म्हणे, हालू नका." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "तू मले फसवून राहिली. माह्या पायापाशी हाये ना ते?"

त्यांना वाटलं, मी धीर द्यायला खोटं बोलतेय. खांद्यावरचं वजन वाढत होतं, खिळे एकेक सुटताना ऐकू येत होते. इतकी भीती मला मण्यारीचीही वाटली नव्हती. शेवटी मी एक हात सोडला, त्यांचं मनगट धरलं आणि सासूला कोणी ओढू नये तसं ओढलं. आम्ही दोघी दाराबाहेर पडलो आणि मागे रॅक कोसळली. बियाणं शेडभर झालं.

त्यांच्या मनगटावर माझी बोटं आठवडाभर काळीनिळी दिसत होती. नंतर मी सुताराला विचारून दुसरी रॅक केली. वाळक्या फळ्या, खिळ्यांऐवजी नटबोल्ट, मागून तिरपी पट्टी, जड डबे खालच्या कप्प्यात. ती हलत नाही. मी रोज हलवून बघते.

मण्यार अजून सापडलेली नाही.

आत्याबाई आता शेडच्या दारात थांबतात. आत पाय टाकण्याआधी मला हाक मारून विचारतात, "तू ओरडली तं उभी राहू, का निघू?"

मी हातातलं काम टाकते, त्यांच्या पुढे होते आणि डब्यांमागे आधी माझा हात घालते.