चौकोनांमागची कथा

इंटरनेटवर माझी पहिली कथा आली. मी गावभर सांगत सुटलो, पण माझ्याच कॉम्प्युटरवर नुसते चौकोन दिसत होते. व्हायरसच्या धास्तीने ब्राउझरची सगळी बंधनं मीच कडक केली होती, त्यात मराठी अक्षरं दाखवणारं प्लगइन अडकलं.

काचीगुड्याचा कॉम्प्युटरवाला आला. आजाऱ्याशी बोलावं तसा तो मशीनला "हौ, हौ" म्हणत राहिला.

"पूरा दरवाजा कायकू उघडायचा, साब? या एकाच साइटला आत घेऊ."

धुकं विरावं तशी अक्षरं उमटली.

"मला मराठी वाचता येत नाही. तुम्ही वाचा," म्हणत त्याने डोळे मिटले.

मी वाचू लागलो. पुढे माझं मलाच लाजिरवाणं वाटलं, तेव्हा एक परिच्छेद गुपचूप ओलांडला.

"माउसचं चाक जास्त वाजलं, साब," तो मिटल्या डोळ्यांनीच हळूच म्हणाला. "मधलं राहिलं."