खाडीचे पाणी आत येताना

रिक्षा वळली आणि पुळण (वाळूचा किनारा) दिसली. विळ्यासारखी वळलेली, आणि दुसरे टोक उन्हात दिसतही नव्हते. लखनौच्या घरी यजमान नेहमी सांगत, "पुळण संपली की आमची खाडी. पळत जायचो आम्ही." आता त्यांच्या अस्थी पितळी डब्यात, माझ्या पिशवीत होत्या. भांडायचीही सोय उरली नव्हती.

प्रयागला नको, आपल्या खाडीतून समुद्रात सोडा, एवढेच ते मागून गेले होते.

वाळू मऊ होती. पाऊल टाकले की रुतायचे. लेक केतकी पुढे चालत होती.

"सावकाश चाल गं."

"आई, आपने ही कहा था, सुबह निकलेंगे. निकलते-निकलते ग्यारह बज गए."

तिला मराठी सगळी कळते. बोलायची वेळ आली की हिंदी.

मध्येच खडप (खडकांचा पट्टा) लागले. शेवाळावरून घसरून मी बसकण मारली. डबा छातीशी धरलेला, साडी पार भिजली. केतकीने हात दिला आणि हसू दाबले. तेही नीट दाबले नाही.

वाडीतल्या एका घरी जेवण मिळाले. भात, कुळथाचे पिठले, सोलकढी. सोलकढी मात्र ते सांगत तशीच निघाली. त्याचाही राग आला. इतक्या वर्षांत एकदा तरी आणायचे होते मला.

उन्हे कलल्यावर खाडी आली. केतकीने डब्याचे फडके सोडले. मी पाण्याकडे पाहिले. नारळाचे एक सोललेले सोडण तरंगत चालले होते, समुद्राकडे नव्हे, आत, गावाकडे. भरतीची वेळ विचारून निघावे, हे आम्हा दोघींच्या डोक्यातही आले नव्हते.

काठावर कालवे फोडणारी बाई हसली. "आता सोडलात तर वर गावात जातील ओ मावशी! ओहोटी लागंपर्यंत बसा की."

"शेवटची एसटी चुकेल," मी म्हणाले.

"मग चुकू दे. एसटी उद्या पण हाय."

मी डबा परत बांधू लागले. केतकीने माझा हात धरला. "आई, गाँव ही तो जाएँगे. बाबा का घर है." मग थांबून, अडखळत, मराठीत म्हणाली, "जाऊ दे ना त्यांना."

सोडले. राख आणि बरोबर आणलेली फुले कांदळवनाच्या कडेने आत गेली, वळणाआड झाली. आम्ही तिथेच बसून राहिलो. एसटी गेली. अंधार पडता पडता पाणी थबकले, मग हळूहळू समुद्राकडे निघाले. आमच्या फुलांपैकी एकही दिसले नाही. तरी केतकी प्रत्येक तरंगत्या पानाकडे मान वळवून बघत होती, आणि मीही.

लखनौला परतल्यावर शेजारच्या मिश्राइन विचारतात, "सब ठीक से हो गया?" मी हो म्हणते, एवढे सगळे कोण समजावणार? अमीनाबादच्या बाजारात जाताना रिक्षा गोमतीच्या पुलावरून जाते. खाली पाणी एकाच दिशेने जात असते, सकाळी आणि संध्याकाळीही. मागे वळायचे नावच नाही. मी तोंड फिरवून बसते.