आतडं मागणारे सर

"मावशी, मासा तुमचा, आतडं माझं," म्हणत सर जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात मासेवाल्या मावशीपुढे डबा धरायचे. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही, आणि हा माणूस जन्मभर माशांच्या पोटातले जंत बघत बसला! अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सर प्राणिशास्त्र शिकवायचे, मी त्यांच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा परिचर. सर मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलवायचे. "बघ, ह्याला तोंड न्हाई, पोट न्हाई. पिढ्यान्‌पिढ्या आतड्यात आयतं मिळालं, व्हतं ते गळून गेलं. आता मरळ मासा संपला की ह्यो बी संपला." जंताची एवढी कणव? मी हसायचो.

चूक माझी. एकदा मरळीतून लांबच लांब जंत निघाला. मी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, 'बघा आपल्या बाजारची मरळ!' उगीच मोठेपणा, दुसरं काय. पुढचे दोन बाजार मावशीच्या पाटीला कुणी हात लावला नाही. तिचं घर त्या पाटीवरच चालायचं. सर मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या बाजारी सर तिच्याशेजारी बसले. जंत आतड्यात असतो, आतडं फेकलं आणि मासा नीट शिजवला की भीती नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. लोकांनी ऐकून घेतलं. मग एकानं विचारलं, "सर, तुमी खाता का?"

 सरांनी गळ्यातली माळ काढून माझ्या हातात दिली. मावशी नको नको म्हणत होती, तरी तिलाच शेजारच्या चहावाल्याच्या स्टोव्हवर मरळ शिजवायला लावली आणि सगळ्यांदेखत खाल्ली. संध्याकाळपर्यंत पाटी रिकामी झाली.

माळ त्यांनी पुन्हा घातली नाही. घरी सरांच्या पत्नीनं, आमच्या बाईंनी, त्यांचं ताट वेगळं केलं. भांडण नाही, तंटा नाही. शेवटपर्यंत सर ओसरीवर एकटेच जेवले.

यंदा ते गेले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरीच असताना मावशी भेटायला आली आणि दारातच उभी राहिली. बाईंनी तिला आत घेतलं.  मग बाईंनी हळूच विचारलं, "त्या दिवशी त्यांना गोड लागलं व्हतं का वो?"

"न्हाई बाई. पयला घास उलटून आला, तर त्यो बी डोळे मिटून गिळला. म्या बघून राहिले व्हते."

मला मान वर करवेना. दुपारी शेजारून जेवण आलं. बाईंनी सरांचं ते वेगळं ताट मागून घेतलं आणि त्यातच स्वतःला वाढून घेतलं.